सुट्टीची वही आणि वर्तमानपत्र



उन्हाळी सुट्टी जवळ आली की शाळेत दोन प्रश्न ऐकू येतात. मुले विचारतात, "सर, सुट्टीचा अभ्यास किती?" पालक विचारतात, "सुट्टीत मुलांनी करायचे काय?" दोघांनाही उपयोगी पडेल असा एक पाठ आम्ही या अंकात देत आहोत. इयत्ता आठवी, नववी व दहावीची मुले डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. विषय सोपा आहे. आपण सुट्टीत कुटुंबासोबत कोठे जातो, त्याच दिवसांत देशात आणि आपल्या भागात काय घडते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?

१. सीमाभागातील सुट्टीचे गणित

आपल्या घरांची एक खास अडचण आहे. कर्नाटकातील शाळांना साधारणपणे १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि २८-२९ मेला शाळेची घंटा वाजते. पलीकडे कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज येथील शाळांची सुट्टी मेच्या आरंभी सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे आपली मुले आजोळी पोहोचतात तेव्हा मामेभावंडांची परीक्षा चालू असते, आणि ती मोकळी होऊन खेळात रंगतात तोवर आपल्या मुलांना वह्या-पुस्तकांची खरेदी करावी लागते. दोघांची मिळून सुट्टी जेमतेम चार आठवडे!

सहामाहीनंतरही तेच. आपल्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडे दिवाळीला. भाऊबीजेला बहीण-भाऊ भेटतात, पण एकाला घाई असते आणि दुसऱ्याला सवड. मुलांनो, हा फरक कोणी मुद्दाम केलेला नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर शाळांचे वेळापत्रक त्या त्या राज्याचे झाले आणि नातीगोती मात्र होती तेथेच राहिली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील "समवर्ती सूची" हा शब्द आपल्या घरात असा शिरतो.

२. घडामोडी सुट्टीत शिरतात

"सुट्टीत बातम्या कशाला?" असे काही मुले म्हणतात. आपण बातम्यांकडे गेलो नाही तरी बातम्या आपल्याकडे येतात. अलीकडच्या वर्षांतील पुढील नोंदी पाहा.

ऑगस्ट २०१९ : नागपंचमीच्या सुमारास वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे राष्ट्रीय महामार्गावर आले. बेळगाव-कोल्हापूर रस्ता काही दिवस बंद पडला. माहेरी आलेल्या कित्येक लेकींना परतीची वाट राहिली नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. पाऊस भुदरगडच्या डोंगरात पडतो आणि पाणी यमगर्णीला चढते. नदीला सीमा ठाऊक नाही.

२०२० व २०२१ : कोरोनामुळे २०२० ची उन्हाळी सुट्टी घरातच गेली. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी तपासणी नाक्यावर चाचणीचा दाखला दाखवावा लागे. निपाणीहून कागल काही मिनिटांचे; परंतु आजीला भेटायचे तर कागद हवा, असे दिवस आपण पाहिले.

डिसेंबर २०२२ : सीमाप्रश्नावरून वातावरण तापले. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. बसफेऱ्या अडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात एका बसवाहकास मारहाण झाल्यानंतरही काही दिवस दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या होत्या.

ऑक्टोबर २०२५ : राज्यातील सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाच्या कामावर शिक्षक असल्यामुळे शासनाने दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढविली. मुलांना आनंद झाला. पण सर्वेक्षण कशाचे आणि कशासाठी, हे किती जणांनी घरी विचारले?

३. एका वहीतील प्रश्न

आपल्या शाळेत नववीच्या मुलांना सुट्टीची वही लिहिण्यास सांगितले जाते. २०२५ च्या उन्हाळ्यातील एका विद्यार्थिनीच्या वहीतील काही ओळी तिची व तिच्या पालकांची परवानगी घेऊन देत आहोत :

"आम्ही दुसऱ्या दिवशी मालवणला जाणार होतो. पिशव्या भरून झाल्या होत्या. रात्री टीव्हीवर पहलगामचं दाखवत होते. आई म्हणाली, बंद कर ते, सुट्टी आहे. बाबा मात्र झोपेपर्यंत तेच बघत बसले. मला दोघांचंही पटलं नाही. आम्ही गेलो. मी समुद्रात खूप खेळले. मग आठवलं की ती माणसंपण आमच्यासारखीच घरच्यांबरोबर सुट्टीला गेली होती. तेव्हा मला खेळायची लाज वाटली. माझं चुकलं का?"

चौदा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न मोठ्या माणसांनीही विचार करावा असा आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही थोड्या विस्ताराने देतो.

प्रथम घटना नीट समजून घेऊ. २२ एप्रिल २०२५ रोजी दुपारी काश्मीरमधील पहलगामजवळच्या बैसरन पठारावर अतिरेक्यांनी गोळीबार केला. २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते, कर्नाटकातीलही पर्यटक होते. एक नेपाळचा नागरिक होता. आणि पर्यटकांना वाचविण्याच्या प्रयत्नात प्राण गमावलेला एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही होता. ही शेवटची ओळ ज्याने वाचली नाही त्याने बातमी अर्धीच वाचली. आणि अर्ध्या बातमीवर माणूस शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो.

पुढे ७ मे रोजी भारतीय सेनादलांनी कारवाई केली, १० मे रोजी लष्करी कारवाई थांबली. ९ मे रोजी आयपीएलचे सामने थांबविण्यात आले, तेव्हा आपल्या काही खेळाडू विद्यार्थ्यांना परिस्थितीचे गांभीर्य पहिल्यांदा उमगले! त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याला ज्या दाराने बातमी भेटते त्या दाराने तो आत येतो. आत आल्यावर तो काय पाहतो, हे महत्त्वाचे.

आता मुलीचा प्रश्न. बेटी, तू समुद्रात खेळलीस यात काही चुकले नाही. ज्या घरांवर आघात झाला त्या घरांनाही आपल्या मुलांचा आनंदच हवा होता, म्हणून तर ती माणसे तेथे गेली होती. तू खेळणे थांबविले असतेस तर कोणाचे दुःख कमी झाले नसते. परंतु खेळता खेळता तुला त्यांची आठवण झाली, ही गोष्ट लाजेची नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येणे, यालाच शिक्षण म्हणतात. ते तुला पाठ्यपुस्तकाबाहेर मिळाले.

आणि "दोघांचंही पटलं नाही" हे तुझे वाक्यही बरोबर आहे. बातमी अजिबात न पाहणे हे जसे योग्य नव्हे, तसे तीच दृश्ये रात्रभर पाहत राहणेही योग्य नव्हे. पहिल्याने अज्ञान वाढते, दुसऱ्याने भीती आणि राग. माहिती मात्र दोन्हींनी वाढत नाही.

४. ऐकीव बातमी आणि खरी बातमी

त्याच मे महिन्यात आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. लष्करी कारवाईची माहिती पत्रकारांना देणाऱ्या अधिकाऱ्यांत कर्नल सोफिया कुरेशी होत्या. त्यांचे सासर आपल्या गोकाक तालुक्यातील कोन्नूर. आपल्या सर्वांनाच अभिमान वाटला. परंतु काही दिवसांतच, त्यांच्या बेळगावच्या घरावर हल्ला झाला, अशी एक मजकूर-पट्टी समाजमाध्यमावर फिरू लागली. जिल्हा पोलिसांनी तपास केला आणि असे काहीही घडलेले नाही, मजकूर खोटा आहे, असे जाहीर केले.

विचार करा. कोन्नूर येथून किती दूर आहे? बेळगावातील माणसाने एक फोन केला असता तरी खरे-खोटे कळले असते. तरीही तो मजकूर आपल्याच गावात हातोहात पुढे गेला असेल, तर दोष केवळ लिहिणाऱ्याचा म्हणता येईल काय? पुढे पाठविणाराही त्या खोटेपणाचा हमाल होतो.

म्हणून तीन प्रश्न लक्षात ठेवा. हे कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? दुसऱ्या कोणी तेच वेगळ्या ठिकाणाहून सांगितले आहे काय? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत बोट आवरावे.

येथे सीमाभागातील मुलांजवळ एक मोठी शिदोरी आहे. आपण मराठी वाचतो, कन्नड वाचतो, इंग्रजी वाचतो, हिंदी समजतो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी पक्की झाली ती रोज वर्तमानपत्र वाचून. १९१९ पासून बेळगावात निघणारा "तरुण भारत" आणि एखादे कन्नड दैनिक शेजारी शेजारी ठेवून एकच बातमी वाचून पाहा. बसवरील दगडफेकीच्या बातमीत कोणते शब्द मोठ्या अक्षरांत आहेत, कोणती गोष्ट एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, हे दिसू लागेल. पुण्या-बंगळूरच्या मुलांना ही तुलना सहज करता येत नाही. तुम्हांला येते.

५. प्रवासात इतिहास भेटला, तो त्यांनी लिहून ठेवला

रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून. वाटेत त्यांना बंडाने गाठले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते झाशीतच होते. धनाची आशा बहुतेक वाहून गेली, परंतु पाहिलेले व ऐकलेले त्यांनी पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. "माझा प्रवास" या पुस्तकामुळे त्या काळातील साध्या माणसांवर काय ओढवले, हे आज आपल्याला मराठीत वाचता येते. त्यांनी रोजच्या रोज टिपणे लिहिली असती तर आणखी किती मिळाले असते!

दुसरे उदाहरण तुमच्या वयाचे. ॲन फ्रँक या ज्यू मुलीला १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली. पुढच्याच महिन्यात नाझींच्या भीतीने तिच्या कुटुंबाला ॲमस्टरडॅममध्ये लपून राहावे लागले. दोन वर्षांहून अधिक काळ तिला ना सहल, ना शाळा, ना अंगण. घरातील भांडणे, स्वतःच्या मनातील गोंधळ आणि रेडिओवरील युद्धाच्या बातम्या, सारे तिने लिहून ठेवले. १९४५ मध्ये छळछावणीत तिचा अंत झाला; वही १९४७ मध्ये छापली गेली. किशोरवयीन मुलांचे विचार कच्चे असतात, त्यांना कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांना त्या वहीने कायमचे उत्तर दिले आहे.

६. पालकांना व विश्वस्तांना विनंती

पालकहो, सुट्टीत दिवसाची एक वेळ ठरवा. वीस मिनिटे सर्वांनी मिळून बातमी वाचावी किंवा पाहावी, मुलांचे प्रश्न ऐकावेत आणि मग संच बंद करावा. "तू लहान आहेस" हे उत्तर देऊ नये. उत्तर येत नसेल तर "उद्या शोधू" म्हणावे व उद्या खरोखर शोधावे.

आजोळी जाणे शक्य नसेल तर खंत नको. एका दिवसात टिळकवाडीतील काँग्रेस विहीर पाहता येते. १९२४ च्या डिसेंबरमध्ये तेथे भरलेले अधिवेशन हे गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले एकमेव काँग्रेस अधिवेशन होय. खानापूर तालुक्यातील नंदगड येथे संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. निपाणीच्या आजोबांना १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाविषयी विचारा. ज्या महामार्गाने आपण कोल्हापूरला जातो त्याच महामार्गावर ते बसले होते.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, सुट्टीत शाळेचे वाचनालय आठवड्यातून तीन दिवस सकाळी उघडे ठेवण्यास संमती द्यावी आणि मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन दैनिके तेथे यावीत. ज्या मुलांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्यांच्यासाठी हा खर्च आहे.

स्वाध्याय (इयत्ता ८ वी ते १० वी)

१. वहीच्या डाव्या पानावर आपल्या घरातील त्या दिवसाची एक गोष्ट लिहा, उजव्या पानावर त्याच दिवसाची एक बातमी. असे वीस दिवस करा.

२. एकच बातमी दोन भाषांतील वर्तमानपत्रांत वाचा. तीन साम्ये व तीन फरक लिहा.

३. मोबाइलवर आलेला एक मजकूर घेऊन वरील तीन प्रश्न लावा. निष्कर्ष लिहा. निष्कर्ष निघाला नाही तर तसेही लिहा.

४. आजी-आजोबांना विचारा : "तुमच्या लहानपणी कोणत्या घटनेमुळे तुमचा प्रवास अडला होता?" उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा.

५. मालवणच्या किनाऱ्यावरील मुलीला तुम्ही काय उत्तर दिले असते? दहा ओळींत लिहा. आमचे उत्तर पटले नसेल तर कारणासह लिहावे. त्याचेही गुण मिळतील.

वह्या शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.