फराळाचे चेक

ग्रीन कार्डासाठी भरायच्या आय-४८५ अर्जात ‘हो’ की ‘नाही’ विचारणाऱ्या प्रश्नांची लांबच लांब माळ आहे. तुम्ही कधी दहशतवादी संघटनेत होतात का, माणसांची तस्करी केलीत का, असले प्रश्न येतात तेव्हा आपण चहा पीत पीत ‘नाही, नाही’ करत पुढे सरकतो. त्याच माळेत मध्येच एक साळसूद प्रश्न बसलेला असतो. अमेरिकेत तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का?

माझं उत्तर ‘हो’ होतं. त्याला कारण चकली.

२०१० साली मी टेक्सासमध्ये एमएस करायला आले, एफ-१ व्हिसावर. असिस्टंटशिप मिळाली नव्हती, शैक्षणिक कर्जापोटी घर तारण होतं आणि डायनिंग हॉलमधल्या कामाचे पैसे भाड्यातच संपायचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाला मदत केली, तेव्हा एक काकू म्हणाल्या, “तुझ्या हाताला चव आहे गं. दिवाळीला आमच्यासाठी करशील का? फुकट नको हं, पैसे घे.” त्यांचं पाहून आणखी चार घरांतून ऑर्डरी आल्या. भाजणी आई येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवायची. अपार्टमेंटमधला धुराचा अलार्म कोकलायला लागला की रूममेट खाली टॉवेल घेऊन वारा घालत उभी राहायची. पहिली दिवाळी बरी गेली म्हणून पुढच्या वर्षीही केलं.

पैसे चेकने यायचे. इथल्या चेकवर खाली डावीकडे ‘कशासाठी’ हे लिहायला एक ओळ असते. काकूंचं सगळंच नीटनेटकं. त्या ओळीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं: दिवाळी ऑर्डर, चकली, करंजी. ते चेक मी माझ्याच खात्यात भरले. बँक त्यांच्या छब्या जपून ठेवते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आजच्या मुलांचं तर त्याहून पक्कं. झेल आणि व्हेन्मोवर पैसे पाठवणारा खाली मेंदीचं, केकचं, तबल्याचं चित्रसुद्धा चिकटवतो.

नोकरी म्हणजे मालक आणि पगार, अशी माझी समजूत. मला ना मालक होता ना पगार, मग हे काम कसलं? कायद्याचा हिशेब असा नाही. तुम्ही सेवा किंवा वस्तू दिलीत, मोबदला घेतलात, की ते काम. मालक तुम्ही स्वतः असलात तरी. एफ-१ वर शिकताना कॅम्पसवर काम चालतं, सत्र सुरू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत. बाहेर काम करायचं तर सीपीटी किंवा ओपीटी ही प्रशिक्षणाची परवानगी हवी, नाहीतर घरची आर्थिक परिस्थिती अचानक कोसळली तर मिळणारी खास परवानगी. आपल्या मनाने सुरू केलेल्या धंद्याला यात जागा नाही. ती मिळते पदवीनंतरच्या ओपीटीच्या बारा महिन्यांत. तिथे स्वतःचा व्यवसाय चालतो, पण तो शिकलेल्या विषयाशी जुळणारा हवा, पूर्णवेळ हवा आणि त्याचे परवाने काढलेले हवेत. कॉम्प्युटर सायन्सवालीने तळलेली चकली तिथेही बसली नसती. स्टेमवाल्यांना पुढे जे चोवीस महिने वाढवून मिळतात, त्यात हे दार पुन्हा बंद, कारण ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेला आणि तुमच्या प्रशिक्षणावर सही करणारा मालक त्यात सक्तीचा आहे.

मंडळात या विषयावर बोलायला लागलं की तेच तेच बचाव ऐकू येतात. “गिऱ्हाईक पुण्यातलं, पैसे पुण्याच्या खात्यात, अमेरिकेचा संबंध काय?” संबंध एवढाच, की काम करताना तुम्ही बसला होतात डॅलसमध्ये. मी ज्या वकिलांशी बोलले ते सगळे हेच धरून चालतात. “मी टॅक्स भरला आहे.” उत्तम केलंत, भरायलाच हवा. पण टॅक्सखात्याने पैसे घेतले म्हणून इमिग्रेशनखात्याची परवानगी मिळत नाही. हे म्हणजे तिकीट न काढता प्रवास करून दंडाच्या पावतीला पास समजण्यासारखं. उलट त्या टॅक्स रिटर्नमध्ये धंद्याचा तक्ता असतो आणि तो पुरावा तुमच्याच सहीचा असतो. “आरोग्यखात्याच्या नियमांप्रमाणे घरून खाद्यपदार्थ विकायला आमच्या राज्यात मुभा आहे.” असेल, ते राज्याचं झालं, व्हिसा केंद्राचा.

सगळीच कमाई काम नसते, हेही सांगायला हवं, नाहीतर मुलं उगाच घाबरतात. भारतातल्या मुदतठेवीचं व्याज, म्युच्युअल फंड, वडिलांनी नावावर केलेल्या फ्लॅटचं भाडं, घर सोडताना विकलेला आपला जुना सोफा, यांत काही नाही. मंडळाच्या गणपतीला पन्नास माणसांचा मसालेभात फुकट रांधलात तर ती सेवा झाली. कंपनीचे भागधारक असणंही चालतं. ती कंपनी रोज चालवणं चालत नाही.

माझ्या चकल्यांना बरीच वर्षं कुणी हात लावला नाही. ओपीटी झाली, एच-१बी लागला, २०१४ मध्ये कंपनीने पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाची पहिली पायरी, भरलं. भारतात जन्मलेल्यांची रांग ठाऊकच आहे. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, म्हणून बसा वाट बघत. मग ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये नोकरीच्या वर्गांतल्या ईबी-३ ची अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ वर गेली आणि ईबी-२ वाल्यांची तिकडे ‘डाउनग्रेड’ करायला झुंबड उडाली. कोविडच्या दिवसांत मेडिकलसाठी डॉक्टर मिळेनात. त्या धांदलीत कंपनीच्या वकिलांकडून आलेल्या प्रश्नावलीत हा प्रश्न माझ्यासमोर आला.

तेव्हा मी जे केलं ते तुम्हीही करा: कंपनीच्या वकिलाला उत्तर देण्याआधी स्वतःच्या पैशाने दुसरा वकील गाठला. कंपनीचा वकील तुमच्याइतकाच कंपनीचाही असतो, तुम्ही सांगितलेलं तिथेच थांबेल असं धरून चालू नका. शिकत असाल तर तोच नियम विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला. तिथली माणसं चांगली असतात, पण स्थितिभंग कळला तर सेव्हिस या सरकारी नोंदवहीत नोंदवणं हे त्यांचं कामच आहे. आधी वकील, मग कार्यालय.

माझ्या वकीलबाईंनी पहिल्यांदा तारखा विचारल्या. मला वाटलं होतं, किती पैसे मिळाले ते विचारतील. पैशात त्यांना रस नव्हता. कायद्यातल्या कलम २४५ (सी) मुळे परवानगीशिवाय काम केलेल्याला अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड मागता येत नाही. नोकरीच्या आधारावर अर्ज करणाऱ्यांना मात्र कलम २४५ (के) ची सवलत आहे: अमेरिकेतल्या शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर असे दिवस एकूण १८० पेक्षा जास्त नसतील तर अर्ज चालतो. हे १८० दिवस मोजायची रीत कडक आहे. तुम्ही शनिवारी दोन तास काम केलंत म्हणून दोन तास धरत नाहीत. काम सुरू केल्यापासून ते थांबवल्याच्या दिवसापर्यंतचे सगळे दिवस धरतात, रविवार आणि सुट्ट्यांसकट, आणि अर्ज भरल्यानंतरचेही. महिन्यातून एकदा एखाद्या दुकानाची वेबसाइट सांभाळणारा मुलगा सहा महिन्यांत ही मर्यादा ओलांडतो, हातात आलेली रक्कम कितीही फुटकळ असो.

माझ्या बाबतीत २०१३ चा भारतप्रवास कामी आला. एच-१बीचा शिक्का घेऊन परत आले, म्हणजे मोजणी तिथून नव्याने, आणि त्यानंतर मी फराळाचा एक पैसाही घेतला नव्हता. पण त्याच प्रवासाने दुसरी अडचण उभी केली. त्या शिक्क्यासाठी भरलेल्या डीएस-१६० अर्जातही विचारलेलं असतं, की तुम्ही आधी कधी व्हिसाच्या अटी मोडल्या आहेत का. मी ‘नाही’ लिहिलं होतं. वकीलबाई बराच वेळ त्यावरच अडून होत्या. खोटं विधान ठरायला ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं, आणि चकली विकणं हे ‘काम’ आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, ते खरंच होतं. ते निवेदनात जसंच्या तसं लिहिलं. (हा लेख वाचल्यावर ती सबब तुमच्याजवळ उरत नाही, एवढं लक्षात घ्या.)

तर ‘हो’वर खूण केली, सोबत दीड पानाचं निवेदन जोडलं: काय केलं, कधीपासून कधीपर्यंत, नंतर देश सोडून कुठल्या तारखेला परत आले. रडगाणं नाही, कर्जाची कहाणी नाही. २०२२ मध्ये ईबी-२ च्या तारखा पुढे सरकल्या, अर्ज परत तिकडे वळवला आणि कार्ड आलं. चकलीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही.

माझ्या ओळखीच्या एकाने ‘नाही’ लिहिलं. विद्यार्थी असताना तो शनिवार-रविवारी लग्नांचे फोटो काढायचा, एका इव्हेंटवाल्याने त्याला कमाईचा १०९९ फॉर्म दिला होता आणि त्याने प्रामाणिकपणे टॅक्सही भरला होता. मुलाखतीत अधिकाऱ्याने त्याचंच टॅक्स रिटर्न त्याच्यापुढे सरकवलं. त्याच्या नव्या वकिलाचं म्हणणं, ‘हो’ लिहिलं असतं तर तो २४५ (के) मध्ये सहज बसत होता. आता प्रश्न फोटोंचा राहिला नाही. सरकारपुढे जाणूनबुजून खोटं बोलल्याचा ठपका जन्मभराचा असतो, आणि तो माफ करून घ्यायला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेला जोडीदार नाहीतर आई-वडील लागतात, ज्यांचे तुमच्यावाचून अतोनात हाल होतील असे. त्याची बायको एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहे. मुलगी टेक्सासातच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. पण या कामी मुलं धरत नाहीत.

म्हणून, केलं असेल तर आधी थांबवा. आजच, आलेल्या ऑर्डरी पुऱ्या करून मग नव्हे. इंटरनेटवरची पानं, जाहिराती काढून टाका, पण जुने हिशेब, चेक, मेसेज पुसू नका. थांबल्याची तारीख तुम्हालाच सिद्ध करायची आहे. राहिलेला टॅक्स भरा. विद्यार्थी बहुधा १०४०-एनआर भरतात, आणि पहिल्या काही वर्षांत चुकून रहिवाशाचा १०४० भरलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. तेही दुरुस्त करून घ्या. मग वकिलाला विचारा की तुम्ही कुठल्या वर्गातून अर्ज करणार. सगळं त्यावर अवलंबून आहे. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्याला परवानगीशिवायचं काम आड येत नाही. भाऊ-बहिणीच्या वर्गातून येणाऱ्याला येतं, आणि त्याला २४५ (के) ही नाही. देशाबाहेर जाऊन परत आल्यानेही त्याचं जुनं काम धुतलं जात नाही. त्याने मुंबईच्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा घ्यावा का, हे वकिलाशी बोलून ठरवावं, कारण २४५ ची अट अमेरिकेत बसून कार्ड मागणाऱ्यांसाठी आहे. प्रश्नांची खरी उत्तरं तिथेही द्यावीच लागतात.

मंडळातल्या काका-काकूंनाही एक सांगणं आहे. पोरीचं भलं व्हावं म्हणून तुम्ही ऑर्डर देता, पण एफ-१ किंवा एफ-२ वरच्या मुलीला देऊ नका. २०१५ पासून ज्यांच्या जोडीदाराचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, अशा एच-४ वरच्यांना ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, काढता येतं आणि त्यावर स्वतःचा धंदाही चालतो. अशा कितीतरी जणी मंडळातच भेटतील. चौकशी करून त्यांच्याकडून घ्या. विद्यार्थिनीला जेवायला बोलवा, डबा भरून द्या, फी कमी पडत असेल तर सरळ उसने द्या.

माझी पाच वर्षं २०२७ मध्ये पुरी होतील आणि मग नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज. तेव्हा हीच फाइल पुन्हा उघडते आणि जुनी उत्तरं नव्या उत्तरांशी ताडून पाहतात. निवेदनाची प्रत, पासपोर्टावरचे शिक्के आणि त्या वर्षांची टॅक्स रिटर्न्स मी एका पाकिटात ठेवली आहेत. तुम्ही आय-४८५ आज भरत असाल तर पाठवण्याआधी प्रत्येक पानाची प्रत काढून घ्या. मूळ कागद सरकार परत देत नाही, आणि स्वतःचीच फाइल मागवायची तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून वाट पाहावी लागते.