पहिलं मिनिट

१. कागदावर बरोबर असलेलं उत्तर हातात असेलच असं नाही. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात मी सगळं अचूक लिहिलं होतं: बाळ रडलं नाही तर कोरडं पुसा, पाठ चोळा, तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास द्या. पंधरवड्यातच एका रात्री निळसर, लुळं बाळ हातात आलं. मी बॅग दाबत होते, छाती उचलत नव्हती. माझ्या घाईत त्याची मान फारच मागे गेली होती. सोबतच्या सिस्टरनी न बोलता खांद्याखाली घडीचं फडकं सरकवलं, मास्क नीट बसवला आणि छाती उचलली. ‘मान किंचित मागे’ हे मीच परीक्षेत लिहिलेलं. किंचित म्हणजे किती, ते त्या रात्री कळलं.

२. शिकण्यापेक्षा जुनं सोडणं जड गेलं. बाळाला उलटं धरायचं, प्रत्येकाच्या नाकातोंडात सक्शनची नळी घालायची, असंच आम्ही करत आलो होतो. छान रडणाऱ्या बाळाला नळी लागत नाही. ती घशात खोल गेली तर ठोके मंदावू शकतात. नाळेचंही तेच. बाळ रडत असेल तर निदान एक मिनिट थांबायचं, पण माझा हात कितीतरी दिवस आधीच कात्रीकडे जाई.

३. दहा बाळांतलं साधारण एक श्वासासाठी मदत मागतं. कोणतं, ते बरेचदा आधी कळत नाही. एकदा आमची बॅग कपाटात होती आणि किल्ली दिवसपाळीकडे. कुलूप तोडलं. बाळ वाचलं, पण तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून प्रत्येक बाळंतपणाआधी मास्क तळहातावर दाबून बॅग तपासते.

४. माझ्या पदविकेचा ताठा गडचिरोलीने उतरवला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या तिथल्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायलासुद्धा. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्या बायकांचा सराव मोडू दिला जात नव्हता. माझा मोडला होता.

५. आता सोमवारी आम्ही बाहुलीवर सराव करतो. ‘श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन.’ परवा लेबर रूमची फरशी पुसता पुसता आमच्या मावशी त्याच तालात पुटपुटत होत्या. मी त्यांच्या हाती बॅग दिली.