सालसा : क्लासमध्ये जमतं, सोशलला अडखळतं

प्रश्न : तीन महिने सालसा शिकतेय. क्लासमध्ये जमतं, पण सोशल नाइटला अनोळखी जोडीदारासोबत पाय अडखळतात. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : क्लासमध्ये पुढची स्टेप आधीच ठाऊक असते, सोशलला ती जोडीदाराच्या हातातून कळते. म्हणून अंदाज बांधू नका, थांबा. आठ मात्रांत पावलं सहाच : एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठला नवं पाऊल नाही. बहुतेकांची घाई तिथेच होते. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या कानाला ठेका परका नाही. घरी पोळ्या लाटताना सालसाची गाणी लावून फक्त ‘एक’ शोधा. हात सैल, पण लुळा नको. अंगठ्यानं जोडीदाराचा हात दाबू नका. पहिली दोन-तीन गाणी बेसिकवरच नाचायची आहेत, असं मोकळेपणानं सांगा. चांगला जोडीदार आनंदानं ऐकतो.