अभ्यासपाठ : बाहेर जेवायला गेल्यावर शिवराक



आपल्या समूहावर एकच प्रश्न तीन-चार घरांतून आला. मुलं, जावई हौसेने हॉटेलात नेतात, तेव्हा शाकाहार पाळणाऱ्यांनी काय करायचं? आपल्यातले काही ज्येष्ठ रिकामं ताट पुढे घेऊन बसतात आणि "तुम्ही जेवा, आमचं चालू दे" म्हणतात. मग नेणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. पुढच्या वेळी ती मुलं आपल्याला विचारतच नाहीत. म्हणून हा पाठ घेतला.

आम्हा गोव्याच्या मंडळींना एक सोय आहे. इथे सोमवारी शिवराक जेवणारी घरं पुष्कळ, त्यामुळे मालकाला एवढा एक शब्द पुरतो. पणजीत कॅफे तातो, कॅफे भोसले यांसारखी शाकाहारी ठिकाणं आहेतच. पातळभाजी, सुकी भाजी, पाव, मिरची भजी, बन्स, पोट भरतं. प्रश्न येतो तो मासळीच्या हॉटेलात. तिथे शिवराक थाळी मिळते, पण स्वयंपाकघर एकच. सुंगटं तळली त्याच तेलात भजी तळतात का? ऑम्लेटच्या तव्यावरच डोसा घालतात का? हे बसण्याआधी विचारावं, ताट आल्यावर नव्हे.

इंदूर-बडोद्याहून येणाऱ्या पाहुण्यांना एक आवर्जून सांगा. मासळीच्या ताटात कोपऱ्याला चिमूटभर खोबऱ्यासारखं असतं ती किसमूर, तिच्यात बहुधा सुकी सुंगटं असतात. आणि रस-ऑम्लेटमधला रस सहसा कोंबडीच्या शाकुतीचा, तेव्हा "ऑम्लेट नको, नुसता रस-पाव द्या" हा उपाय नव्हे! सोलकढी म्हणजे सोलं आणि नारळाचा रस, ती खुशाल घ्या. चायनीज सूप मात्र विचारूनच.

हिरवा ठिपका पाकिटावरच्या मालाची खूण. भिंतीवरचा एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर परवान्याचा. त्यावरून शाकाहारी-मांसाहारी कळत नाही. बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो.

आता कांदा-लसूण. चातुर्मासात ज्यांचा नेम आहे त्यांनी तो जरूर पाळावा. पण गीतेच्या 17व्या अध्यायात 8 ते 10 श्लोक उघडून बघा. तिथे कांदा-लसणाचं नावही नाही. यातयाम, म्हणजे प्रहर उलटून गेलेलं अन्न मात्र तामस सांगितलं आहे. प्रहर म्हणजे तीन तास. सकाळी केलेली आणि दहापर्यंत संपणारी पातळभाजी एकीकडे, आणि फ्रीजमधली कालची ग्रेव्ही गरम करून दिलेलं महागडं पनीर दुसरीकडे. आम्हाला तरी पहिलं जवळचं वाटतं, भले त्यात कांदा असो.

विचारायची रीतही महत्त्वाची. वाढणारा मुलगा हल्ली पुष्कळदा परप्रांतातला, त्याला शिवराक कळत नाही. हिंदीत, हळू आवाजात सांगावं. सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं दरडावलं की शेजारी बसलेल्या नातवंडांना लाज वाटते. शंका फिटलीच नाही, तर दहीभात किंवा केळी मागवावीत, पण पंक्तीत काहीतरी खात बसावं.

या सोमवारपर्यंतचा अभ्यास : गोवा, बेळगाव, इंदूर, जिथे असाल तिथल्या एका साध्या हॉटेलात घरच्यांबरोबर जेवून या आणि समूहावर लिहा. तेल वेगळं आहे का, कांदा-लसणाविना काय मिळतं, आणि ज्येष्ठांना चढायला पायऱ्या किती.