उजेड मंदावतो आणि साखर कळते



14 नोव्हेंबर हा आपला बालदिन. हाच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अंदाजानुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. सुभानपुऱ्यातील आपल्या घरांतही ग्लुकोमीटर दिसतो, आणि "रोज बोट कोण टोचणार?" ही आजी-आजोबांची तक्रारही ऐकू येते. मग प्रकाशाने साखर मोजता येईल का?

आधी एक प्रयोग पाहू. तो शिक्षकांसमोरच करावा. क्विनाइन असलेले टॉनिक वॉटर पेल्यात घ्या. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याचा जांभळा दिवा त्यावर धरा. दिव्याकडे थेट पाहू नका. पाणी निळसर चमकेल. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. आता त्यात चमचाभर मीठ विरघळवा. चमक मंदावेल. जितके मीठ जास्त, तितका उजेड कमी. म्हणजे उजेड मोजून पदार्थाचे प्रमाण सांगता येते.

पण रक्तात मीठही असते आणि साखरही. नेमकी साखर कशी ओळखायची? त्यासाठी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) वापरतात. कुलपाला आपलीच किल्ली लागते, तसे हे विकर ग्लुकोजलाच धरते. या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते काही चमकणाऱ्या नॅनो कणांचा उजेड मंद करते. साखर जास्त, तर उजेड कमी.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. अशा काही नॅनोमीटरच्या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. आकार बदलला की त्यांच्या प्रकाशाचा रंगही बदलतो. या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यांतील काही कणांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. म्हणून लिंबातील सायट्रिक आम्लापासूनही बनवता येणाऱ्या कार्बन डॉटवर आज बरेच संशोधन चालू आहे. अश्रू व घाम यांतील अत्यल्प साखर मोजण्याचेही प्रयत्न होत आहेत.

पालकांना एक विनंती. हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. त्वचा न टोचता साखर सांगणारी घड्याळे व अंगठ्या जाहिरातींत दिसतात. अशी उपकरणे वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला आहे. चुकीचा आकडा पाहून इन्सुलिन जास्त घेतले गेले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्वचेखाली बारीक संवेदक बसवून मोबाइलवर आकडा दाखवणारी मान्यताप्राप्त यंत्रे वेगळी. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

मित्रांनो, विज्ञानावर विश्वास ठेवणे म्हणजे प्रत्येक चमकत्या वस्तूवर विश्वास ठेवणे नव्हे. तोवर आजोबांना ग्लुकोमीटर आणून द्या, आकडा वहीत लिहा आणि तारीख घालायला विसरू नका.