कोहळ्याच्या बिया : भाजावयाच्या आणि राखावयाच्या

वैनगंगेच्या काठावरील आरमोरी परिसरात धानाची कापणी आटोपत आली की घरोघरी कोहळे उतरविण्याचे दिवस येतात. वाडीच्या कुंपणावर आणि कवेलूंच्या छपरावर चढलेल्या वेलांची ही फळे कोरड्या जागी ठेवली तर महिनोन्महिने टिकतात. आपण ज्याला कोहळा म्हणतो, त्यालाच पश्चिम महाराष्ट्रात लाल भोपळा आणि काही भागांत डांगर म्हणतात. तिकडे ‘कोहळा’ म्हणजे पेठ्याचे पांढरे फळ होय. बाहेरगावी स्थायिक झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी बाजारात हा भेद ध्यानात ठेवावा.

कोहळ्याच्या गराची भाजी होते, सणावाराला गुळातली बोंडे होतात. बिया मात्र बहुधा उकिरड्यावर जातात. दुसरीकडे, शहरातील दुकानांत सोललेल्या हिरव्या बिया बंद पाकिटातून चढ्या भावाने विकल्या जातात. आपल्या कोहळ्याची पांढरी बी सोलून पाहिली तर आतही तसाच हिरवट मगज दिसतो. जे आपण फेकतो, तेच दुसरीकडे विकत घेतले जाते. म्हणून या बिया घरी कशा भाजाव्या, कोणत्या खाऊ नयेत आणि कोणत्या पेरणीसाठी राखाव्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

बीमध्ये काय असते

कोहळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रदेशातील एका गुहेत सापडलेल्या भोपळवर्गीय बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. माणसाने त्या काळीही हे पीक लावले होते, असे अभ्यासक त्यावरून मानतात. आरंभी या फळांचा गर कडू आणि थोडा असे. त्यामुळे माणसाने हे पीक प्रथम बियांसाठी जोपासले असावे, असाही तर्क केला जातो. मेक्सिकोत भाजलेल्या बिया आजही रोजच्या आहारात आहेत. भारतात हे फळ युरोपीय दर्यावर्दींच्या आगमनानंतर आले आणि येथल्या मातीत असे रुजले की ते परके वाटेनासे झाले.

सोललेल्या 100 ग्रॅम मगजात सुमारे 30 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कच्च्या तांदळात ती 7 ते 8 ग्रॅम असतात. मगजाचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. शिवाय 100 ग्रॅममागे 8 ते 9 मिलिग्रॅम लोह, 7 ते 8 मिलिग्रॅम जस्त आणि 500 मिलिग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम मिळते. आपल्याकडे दोन्ही वेळचे जेवण मुख्यतः भातावर चालते. वाढत्या वयाच्या मुलाला त्या भातासोबत 15 ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर मगज मिळाला तर साडेचार ग्रॅम प्रथिनांची भर पडते. ही भर डाळीची जागा घेणारी नाही. परंतु ती फुकट जाऊ देण्याइतकी लहानही नाही.

भाजण्याची रीत

पहिली पायरी निवडीची. देठ सुकलेला असावा आणि सालीत नख रुतू नये. अशा जून फळाच्या बिया भरलेल्या असतात. कोवळ्या फळाच्या बिया पोचट निघतात.

दुसरी पायरी धुण्याची. बिया धाग्यांसह पाण्यात टाकून हाताने चोळाव्या. बिया वर तरंगतात आणि गर खाली बसतो. चिकट थर राहिला तर भाजताना तो करपतो आणि बीला कडवट चव येते.

तिसरी पायरी मिठाची. एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून बिया दहा मिनिटे उकळाव्या आणि निथळून घ्याव्या. वरून भुरभुरलेले मीठ टरफलावरच राहते. उकळल्याने ते आत शिरते.

चौथी पायरी वाळविण्याची. घाईत हीच पायरी बहुधा वगळली जाते. बिया सुती कापडावर एकेरी थरात पसरून दोन दिवस कडक उन्हात ठेवाव्या आणि रात्री घरात घ्याव्या. हातात चोळल्यावर खडखडल्या आणि वाकविताच तुटल्या, म्हणजे वाळल्या असे समजावे. ओलसर बी विस्तवावर गेली तर वरचे टरफल काळे पडते आणि मगज मात्र मऊच राहतो.

पाचवी पायरी भाजण्याची. जाड बुडाच्या लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवीत दहा ते पंधरा मिनिटे भाजाव्या. चूल असेल तर जाळ मागे ओढून निखाऱ्यावर काम करावे. तडतड ऐकू येऊ लागली, टरफलावर फिकट बदामी रंग आला आणि खमंग वास सुटला की कढई लगेच उतरवावी. तापलेल्या कढईत बिया भाजतच राहतात, म्हणून त्या ताबडतोब परातीत काढाव्या. फुटाण्यांप्रमाणे गरम वाळूत भाजून चाळून घेतल्या तरी चालतात. वाळूमुळे आच सगळीकडून सारखी लागते.

पूर्ण थंड झाल्यावरच बिया घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या. गरम भरल्यास आत वाफ धरते आणि बुरशी येते. तेलाचे प्रमाण अधिक असल्याने त्या कालांतराने खवट होतात. म्हणून थोड्या थोड्या भाजाव्या आणि महिनाभरात संपवाव्या. जवसाच्या चटणीप्रमाणे लसूण, तिखट आणि मीठ घालून सोललेल्या मगजाची चटणीही उत्तम होते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खी बी देऊ नये, ती घशात अडकू शकते. त्यांना कुटून द्यावी.

कोणत्या बिया खाऊ नयेत

पेरणीसाठी विकत आणलेल्या पाकिटातील बिया कधीही खाऊ नयेत. त्यांना बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ओळख पटावी म्हणून गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. हे विष धुतल्याने किंवा भाजल्याने जाते, असे मानू नये. अशी पाकिटे मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशी ठेवावी.

ज्या कोहळ्याची फोड जिभेला कडू लागते, तो कोहळा बियांसकट टाकून द्यावा. हा कडूपणा विषारी द्रव्याचा असतो. शिजविल्याने तो नाहीसा होत नाही. बुरशी आलेल्या बियांनाही हाच नियम लावावा.

बियांच्या गुणांविषयी बोलतानाही मर्यादा पाळली पाहिजे. बीतील सर्व लोह शरीराला मिळत नाही. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर ते अधिक मिळते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी मिळते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. तो आजार लोहाच्या अभावाने होत नाही आणि बियांनी बराही होत नाही. त्या रुग्णांनी डॉक्टरांचाच सल्ला मानावा. जंतांवर कोहळ्याच्या बिया देण्याची रीत जुनी आहे. तथापि तेवढ्यावर विसंबून शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

राखावयाच्या बिया

बी उकळली वा भाजली की ती उगवत नाही. म्हणून बिया उकळण्यापूर्वीच पेरणीचा वाटा वेगळा काढावा. वेलावरील सर्वांत निरोगी, चवदार आणि पूर्ण पिकलेले फळ बियाण्यासाठी धरावे. त्याच्या बिया मीठ न लावता धुऊन सावलीत वाळवाव्या, राखेत घोळून कोरड्या मडक्यात ठेवाव्या. कोहळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि परागीकरण मधमाश्या करतात. त्यामुळे शेजारी दुसरे वाण असेल तर पुढच्या पिढीत मिश्रण होते. संकरित वाणाच्या बियांतूनही मूळ फळासारखे फळ येईलच असे नाही. गावठी वाण टिकवावयाचा असेल तर तो एकटाच लावणे बरे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी हेच काम गावठी वाणांच्या बाबतीत चिकाटीने केले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आरंभी त्यांच्याजवळ होते ते घरचे बियाणे आणि ते ओळखण्याची दृष्टी. आपल्या आज्यांजवळही ती दृष्टी आहे. कोणते फळ बीला धरावे आणि ते का, हे मुलांनी त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवून घेतले पाहिजे. अन्यथा वाणाबरोबर ही माहितीही जाईल.

पालकांना आमची विनंती इतकीच आहे. दिवाळीच्या सुटीनंतर मूल वसतिगृहात परतते, तेव्हा त्याच्या पेटीत रंगीत पाकिटांऐवजी भाजलेल्या बियांचा एक लहान डबा ठेवावा. त्या त्यानेच धुतलेल्या, वाळविलेल्या आणि भाजलेल्या असाव्या. घरच्या मडक्यात पुढील पावसाळ्यासाठी दहा-वीस बिया त्याच्याच हाताने ठेवून घ्याव्या. डबा महिनाभरात रिकामा होईल. मडक्यातल्या बिया जूनमध्ये वाडीत पडतील.