विमान घेण्याआधी तासभर त्यात बस

छत्रपती संभाजीनगर,
मे महिना



तुझं पत्र आणि यादी मिळाली. जालन्याचा तुझा दोस्त निम्मे पैसे घालतोय, दोघांत मिळून एक जुनं टू-सीटर घ्यायचं ठरतंय, आणि तुझा सव्वासहा फुटी देह त्यात नीट मावला पाहिजे एवढीच तुझी अट आहे. प्रत्येक विमानापुढे तू केबिनची रुंदी लिहिलीस आणि सगळ्यांत रुंद असलेल्यावर खूण केलीस. मेहनत घेतली आहेस, ते दिसतं. पण रुंदी ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. तू आत बसलास की तुझं शरीर कुठे कुठे टेकतं हे आधी बघायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही दोघं बसल्यावर टाकीत किती इंधन भरता येतं ते बघायचं. हे दुसरं विकणारा आपण होऊन कधी सांगत नाही.

आधी शरीराचं बोलतो. उंची हा एकच आकडा नसतो. आपल्या शहरातल्या एसपीआय संस्थेत एनडीएची तयारी करणाऱ्या पोरांना विचार, त्यांना हे पाठ असतं. पायलट निवडताना हवाई दल नुसती उभी उंची बघत नाही. बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४, अशी तीन वेगळी मापं घेतली जातात. लढाऊ विमानातून सीटसकट बाहेर फेकलं जायची वेळ आली आणि मांडी लांब असली, तर गुडघे पॅनेलच्या कडेवर आपटतात. तुझ्या छोट्या विमानात तसली सीट नसते, पण मापं घेण्याची ही रीत तुझ्याही कामाची आहे. सव्वासहा फुटी दोन माणसांपैकी एकाची उंची पायांत असते, दुसऱ्याची धडात. पहिल्याला गुडघ्यांचा त्रास, दुसऱ्याला छताचा. भिंतीला पाठ लावून फरशीवर ताठ बस, डोक्यावर वही आडवी धर आणि फरशीपासून वहीपर्यंत मोज. मग स्टुलावर बसून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर घे. हे दोन आकडे खिशात ठेवूनच विमान बघायला जा.

गेलास की किमान तासभर आत बस, इंजिन बंद ठेवून. पट्टे आवळून बांध. सैल पट्ट्यात सगळेच मावतात. हेडसेट चढव, कारण त्याची वरची पट्टी दोन-तीन सेंटिमीटर जागा खाते. उडताना घालशील तेच बूट घाल. डोकं आणि छत यांच्यात उभी मूठ गेली पाहिजे. कुठल्याही विमानात बसताना मी ही मूठ बघतो, आणि त्याला कारण आपला प्रदेश आहे. वैशाखात दुपारी मराठवाड्याची काळी माती तापली की खालून उठणारी गरम हवा हलक्या विमानाला अशी उचलून आपटते की सैल बसलेल्याचं डोकं छताला लागतं. युरोपात बसून ‘उंच माणसालाही पुरेसं’ असं लिहिणाऱ्याने ही दुपार पाहिलेली नसते.

मग कंट्रोल्स हलव. नुसते मागे-पुढे नकोत. आडव्या वाऱ्यात उतरताना लागतात तसे सगळे एकदम: योक पूर्ण मागे आणि पूर्ण डावीकडे, त्याच वेळी उजवा रडर तळापर्यंत, आणि बोटांनी ब्रेक दाबून बघ. मग हेच उलट बाजूने. यातल्या एकाही जागी गुडघा आडवा आला, तर ते विमान तुझं नव्हे, मग ते कितीही स्वस्त असो. सेसना १५२ मध्ये उंच माणसाला इथेच अडचण येते. त्याची केबिन जेमतेम ९७ सेंटिमीटर रुंद आहे, पण खांदे तिरके करून तेवढ्यात निभावता येतं. गुडघा आणि योकच्या मधे मात्र काहीच करता येत नाही. शिवाय तुझे डोळे पंखाच्या मुळाच्या रेषेत येतील. वळताना बाजूला काय आहे ते बघायला दर वेळी मान खाली घालावी लागेल, आणि दुसरं विमान नेमकं तिकडूनच येत असतं.

सेसनाची आणखी एक गोष्ट. तू सीट पार मागच्या भोकात नेशील. सीटची खीळ रुळाच्या भोकात नीट बसली नसेल, किंवा भोक झिजून मोठं झालं असेल, तर टेकऑफला नाक उचलताच सीट मागे घसरते. माणसाचा हात योकवर असतो, त्यामुळे तो योक आणखी मागे ओढतो. असे अपघात झाले आहेत. त्यामुळेच या रुळांच्या तपासणीची सक्तीची सूचना १९८७ मध्ये निघाली आणि ती तपासणी अजूनही सक्तीची आहे. विमान बघताना चटई उचल आणि रुळांची भोकं बोटाने चाचप. लॉगबुकात त्या तपासणीची शेवटची नोंद कधीची आहे ते वाच. सीटमागे जास्तीचा अडसर बसवलेला नसेल, तर तो बसवल्याशिवाय उडायचं नाही.

यादीत डायमंडचं डीए२० आहे. त्यात सीट जागची हलत नाही, पेडल पुढे-मागे होतात. पाय लांब असले तर ते छान, पण धड लांब असलं तर उपाय नाही, कारण पारदर्शक झाकण डोक्यावर येतं आणि सीट खाली करता येत नाही. सीटमधला फोम कापून दोन बोटं खाली बसायची कल्पना तुझा दोस्त सुचवेल. तसं करू नका. विमान जोरात आपटलं तर तुमच्या पाठीचा कणा वाचवायचं काम त्या फोमचंही असतं, आणि मंजुरीशिवाय त्याला हात लावता येत नाही.

टेकनाम पी२००८ त्या मानाने ऐसपैस आहे. त्याचा पंख वर आहे, केबिन सेसनापेक्षा बरीच रुंद आहे, आणि आपल्याकडच्या ट्रेनिंग स्कूलांत ते आता दिसतं, म्हणजे सुटे भाग आणि त्याचं काम जाणणारा इंजिनिअर सापडेल. तू खूण केलेलं फ्लाइट डिझाइनचं सीटी खरोखर मोठं आहे: सुमारे १.२४ मीटर रुंद, आणि दोन मीटरची माणसं त्यात बसतात. पण ते मॉडेल भारतात नोंदवता येतं का, हे डीजीसीएकडून लेखी घेतल्याशिवाय त्याचं स्वप्न बघू नको. तसंच व्हॅन्सच्या आरव्ही-१४ चं. उंच माणसासाठी खास मोठं कॉकपिट करून त्यांनी ते २०१२ मध्ये आणलं, आणि मला ते फार आवडतं. पण ते किट आहे, आपल्या हाताने बांधायचं. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीच्या मेक इन इंडियात मांडलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. उड्डाणाच्या चाचणीची परवानगी २०१९ मध्ये आली. त्यांच्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण तुला उडायचं आहे आणि तुझी नोकरीही सुरू व्हायची आहे, तेव्हा ती वाट तुझी नव्हे.

आपल्याकडचं म्हणशील तर बंगळुरूच्या एनएएलचं हंसा तुझ्या यादीत नाही, याचं मला वाईट वाटलं. आपल्या देशात टू-सीटर घडवण्याचा इतिहास जुना आहे आणि त्याची सुरुवात मराठी माणसाने केली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन एचएएलमध्ये त्यांनी एचटी-२ घडवलं. ते १९५१ मध्ये उडालं. त्यात शिकणारा आणि शिकवणारा एकामागे एक बसायचे. १९५८ च्या पुष्पकात दोघं शेजारी बसू लागले, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतली कितीतरी पोरं त्यावर शिकली. हंसा त्याच परंपरेतलं. हंसा-३ ला टर्बो रोटॅक्स इंजिन आणि ७५० किलोची मर्यादा होती. नवं हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ ला पहिल्यांदा उडालं. जुनं हंसा विकायला मिळणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. तरी एखाद्यात बसून ये, निदान बुडबुड्यासारखं झाकण डोक्यावर असताना आपल्या उन्हात कसं वाटतं ते कळेल.

आता वजनाचं. हे दोनदा वाच.

सेसना १५२ चं टेकऑफचं कमाल वजन ७५७ किलो. समज, तुम्हाला दाखवलेल्या विमानाचं रिकामं वजन, नंतर बसवलेल्या रेडिओ वगैरेंसकट, ५२५ किलो आहे. उरले २३२. तू बूट-बॅगेसकट ९८, तुझा दोस्त ८२, म्हणजे १८० गेले. उरले ५२ किलो. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला साधारण ७२० ग्रॅम भरतं, म्हणजे ७२ लिटर. टाकीत वापरता येणारं इंधन ९३ लिटर मावतं, पण तुम्हाला ती भरता येणार नाही. तासाला २३ लिटर धरलं तर ही तीन तासांची उडी झाली. इथून नागपूर सरळ रेषेत सुमारे ४१० किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तास. वर चढताना जास्त जळतं ते, टॅक्सीचं, आणि समोरून वारा आला तर त्याचं इंधन वेगळं. नागपूरला पोचेपर्यंत राखीव साठ्याला हात लागलेला असेल. दोन लहान चणीची माणसं हेच विमान टाकी जवळजवळ पूर्ण भरून नेतात. तुझी उंची तुला टाकीत भारी पडते, आणि कुठल्याही जाहिरातीत ते छापत नाहीत.

यावर चिकलठाण्याचा उन्हाळा. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटरवर आहे, १,९०० फुटांच्या वर. चाळीस अंशांच्या दुपारी इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,३०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के उतरते. म्हणजे ११० हॉर्सपॉवरमधले नव्वदच्या आसपास हाती राहतात. पंखाला उचल आणि प्रोपेलरला ओढही कमीच मिळते. म्हणून टेकऑफचे आकडे बघताना पुस्तकाच्या पहिल्या ओळीतले बघू नको, २,००० फूट आणि ४० अंशांच्या ओळीतले बघ. ते नव्या विमानाचे असतात, तेव्हा त्यावर आणखी सढळ हाताने वाढ धर.

२६ एप्रिल १९९३ ला याच धावपट्टीवरून भर दुपारी मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ टोकाशी कसंबसं उचललं गेलं, बीड रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि पुढे विजेच्या तारांत जाऊन पडलं. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीने नाक उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलल्याचा, आणि रस्त्यावरची वाहतूक न थांबवल्याचा ठपका ठेवला. तुमच्या चिमुकल्या विमानाची आणि त्या जेटची तुलना होत नाही, आणि चिकलठाण्याची धावपट्टी तुम्हाला पुरून उरेल. पण तुम्ही धुळ्याला, शिरपूरला, बारामतीलाही जाल, कधी एखाद्या छोट्या पट्टीवरही उतराल. धावपट्टीच्या टोकापलीकडे रस्ता, तारा, झाडं काय आहे ते विमान उभं करतानाच बघायची सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली. तूही लाव. आणि मे महिन्यात दोघं मिळून निघायचं असेल, तर सकाळी आठच्या आत.

इथे हलक्या रोटॅक्सवाल्या विमानांची बाजू वरचढ ठरते. सहाशे किलोच्या विमानाला शंभर हॉर्सपॉवर, म्हणजे दर हॉर्सपॉवरमागे सहा किलो, आणि सेसनाचे जवळजवळ सात. इंजिनही कमी पितं. रोटॅक्स पंपावरच्या पेट्रोलवर चालतं म्हणून तू खूश आहेस, पण तिथे थांब. रोटॅक्स दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेतं आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं मिळतं. तेव्हा एव्हगॅसचाच हिशेब धर. इंडियन ऑइलने २०२२ पासून ते देशात बनवायला घेतलं असलं तरी ते सगळीकडे मिळत नाही. विमान कुठे ठेवणार हे ठरवण्याआधी पिंपं कुठून येणार हे ठरवा.

या सगळ्यातून माझं मत विचारशील तर, तुझ्या यादीतलं टेकनाम बघायला जा, सेसना सोडून दे. डीए२० तुझी बैठी उंची मोजल्यावर ठरव.

दोस्ताला सोबत ने, कारण शेजारी माणूस नसताना खांद्याचा अंदाज येत नाही. दोघंही कपडे-बुटांसकट काट्यावर उभे राहा आणि खरे आकडे लिहा. विकणाऱ्याकडून त्या विमानाचा शेवटचा वजनाचा तक्ता माग. पुस्तकातला छापील नको, प्रत्यक्ष तोलून केलेला, सही-तारखेचा. तो देत नसेल किंवा बराच जुना असेल, तर आमच्यासमोर पुन्हा तोला म्हण, आणि त्याचा खर्च तुम्ही द्या. तक्ता, तुमची वजनं आणि तुझी दोन मापं मला पाठव. मी रात्री हिशेब करून दुसऱ्या दिवशी फोन करतो. तोवर इसार म्हणून एक रुपयाही द्यायचा नाही. गिऱ्हाईक दुसरंही आहे, उद्या विमान जाईल, असं तो नक्की म्हणेल. जाऊ दे.

आईला सांग, पुढच्या आठवड्यात मी आणि मामी येतोय.

तुझा,
मामा